मांडवीचा पोझर

महिपतला होडी लागायची. दर्यावर जगणाऱ्या घरात असा मुलगा जन्माला येतो, हे त्याच्या बापाला पहिल्या खेपेला खरंच वाटलं नाही. दुसऱ्या खेपेला मोठा भाऊ दत्ताराम त्याला कमरेला धरून बसला, आणि किनारा दिसेपर्यंत महिपत ओकत राहिला. जेटीवर पाय टेकले तसा बाप म्हणाला, "ह्याला बर्फावर घाला."

तेव्हापासून महिपत बर्फावर. लाद्या फोडायच्या, चुरा क्रेटमध्ये भरायचा, आलेल्या मासळीवर पसरायचा. पाण्याला लागून, पण पाण्यात नाही, असा सगळा जन्म गेला. दत्ताराम मात्र होडीचा तांडेल झाला, सगळे खलाशी त्याच्या हुकमात. खेप करून आला की आधी धाकट्याच्या पाठीत धपाटा घालायचा. "काय रे, गारठलास?" आणि मग खोल पाण्यातलं एकेक सांगत बसायचा. महिपत हातातलं काम विसरून ऐकायचा. भाऊ बोलायचा तेव्हा याला होडी लागत नसे.

एका संध्याकाळी होडी आली आणि तांडेल आला नाही. तिघं खलाशी जेटीवर उतरले. त्यातला एक महिपतच्या समोर येऊन बसकण मारून रडायलाच लागला. नाटे बंदराच्या पुढे वारा उठला होता. जाळं होडीखालच्या पंख्यात गुंतलं, इंजिन बंद पडलं, होडी खडकांकडे ओढली जायला लागली. तांडेल सुरी दातांत धरून खाली गेला. जाळ्याचे तुकडे वर आले. तो आला नाही.

दत्तारामची बायको गुणवंती हे सगळं उभ्याने ऐकत होती. ती रडली नाही. देह मिळाला नव्हता, म्हणून तिने कपाळाचं कुंकू काढलं नाही. पुढे कधी कोणी विषय काढला तर ती एवढंच म्हणायची, "आले नाहीत अजून." त्या 'अजून'पुढे बोलायची कोणाची हिंमत नव्हती.

वर्षं गेली. बर्फाने बोटं बधिर झाल्यावर महिपत घरी बसला. बसवेना, म्हणून दत्तारामचं जुनं जाळं खांद्यावर टाकून मांडवीच्या काळ्या वाळूत जाऊन उभा राहायला लागला. पांढऱ्या मिशा, उन्हाने रापलेला चेहरा आणि खांद्यावर जाळं. फिरायला आलेल्या माणसांना आणखी काय पाहिजे?

"काका, एक फोटो? जरा समुद्राकडे बघा. हां, तसंच! तुम्ही वादळात सापडलायत कधी?"

पहिल्यांदा हे कोणी विचारलं तेव्हा महिपतने तोंड उघडलं आणि बाहेर आला तो दत्ताराम. नाट्यापुढचा वारा, पंख्यातलं जाळं, दातांतली सुरी. फक्त "तो"च्या जागी "मी" आलं. आणि ज्या अर्थी सांगणारा समोर जिवंत उभा होता, त्या अर्थी गोष्टीचा शेवटही बदलला. "...आणि वर आलो!"

लोक टाळ्या वाजवायचे. जवळच गुणवंती सुकी मासळी घेऊन बसायची. ती मान वर करायची नाही. बोंबलाच्या जुड्या उगाच इकडून तिकडे करत राहायची.

अशाच एका पाहुण्याने ती गोष्ट मोबाइलवर टाकली. महिपतची नात दीपाली कॉलेजात इंग्रजी शिकत होती. तिने खाली लोकांनी लिहिलेलं एकेक त्याला वाचून दाखवलं. "हा म्हणतोय, सलाम. ही म्हणतेय, खरा हिरो."

"आणि हा? येकच शब्द?"

दीपाली अडखळली. "पोझर."

"पोझर!" महिपत खूश झाला. "गाणारा तो सिंगर, नाचणारा तो डान्सर. मी पोज देतंय, मी पोझर! बघ, येकानं तरी बरोबर लिवलान."

दुसऱ्या दिवशी त्याने हे चहाच्या टपरीवर सांगितलं. आठवड्याभरात रिक्षावाल्यांच्या तोंडी तेच झालं. "काय पोझर, आज गिऱ्हाईक नाय?" "पोझर, मिशीला तेल लावलंस काय!" तो हसून हात वर करायचा. आयुष्यभर बर्फवाला म्हणून घेतलेल्या माणसाला पहिल्यांदाच अशी पदवी मिळाली होती. ती काढून घ्यायचा धीर दीपालीला होईना.

मग पर्यटन महोत्सववाल्यांचा फोन आला. मांडवीच्या वाळूत स्टेज घालणार होते. त्यावर आजोबांनी ती वादळाची गोष्ट सांगावी. "ओळख काय करून देऊ तुमची?"

"सांगा, मांडवीचे परसिद्ध पोझर."

दीपालीने फोन काढून घेतला. "तुम्हाला नंतर करते," म्हणाली आणि ठेवून दिला.

"काय गो? काय चुकलं?"

"आबा, पोज देणाऱ्याला इंग्रजीत मॉडेल म्हणतात. पोझर वेगळा. त्याचा एक अर्थ आहे अवघड प्रश्न. सोडवता येत नाही असा."

"मग मी प्रश्न काय?" तो हसला. ती हसली नाही.

"दुसरा अर्थ... आपण जे नाही ते आहोत म्हणून मिरवतो तो. कोणी गिटार नुसती गळ्यात घालून फिरतं, वाजवता येत नाही. त्याला म्हणतात."

"म्हंजे सोंग."

"सोंग नाही. खेळात कोणी रावणाचं सोंग घेतलं तरी बघणाऱ्याला ठाऊक असतं, हा आपला वाडीतला अमका. पोझरचं तसं नसतं. बघणाऱ्याने त्याला खरा समजावं, हीच त्याची इच्छा असते."

महिपतने हळूच विचारलं, "शिवी हाय?"

"शिवी नाही. पण कौतुकाने कोणी म्हणत नाही."

तो उठला आणि तडक गुणवंतीकडे गेला. ती मासळी झाकून निघायच्या बेतात होती.

"वैनी, मी नाय जायचा त्या स्टेजवर. दादाचं चोरून खातंय मी. लोकांना कळलाय ता. मलाच कळलं नव्हतं."

गुणवंतीने फडक्याची घडी घातली. मग म्हणाली, "भावोजी, मी हितं कशाला बसते? बाजारात मासळी दुप्पट खपते माझी."

तो तिच्यासमोर वाळूत बसला.

"तुमी सांगता तवा ते वर येतात. रोज येतात. दुसऱ्या कुणाच्या तोंडातून येत नाहीत." तिने टोपली उचलली. "तुमी जा. मी पुढं बसून ऐकीन."

महोत्सवाच्या संध्याकाळी मांडवीत पाय ठेवायला जागा नव्हती. निवेदिका ठसक्यात म्हणाली, "आता येत आहेत, लाटांशी झुंजलेले आपले ज्येष्ठ दर्यावर्दी!" मागून एक रिक्षावाला ओरडला, "ए पोझर!" लोक हसले. महिपतला तो शब्द पहिल्यांदाच लागला.

पहिल्या रांगेत गुणवंती बसली होती. तिच्यामागे चार खुर्च्या सोडून ते तिघं खलाशी. आता तिघांचेही केस पिकले होते. महिपतने त्यांना पाहिलं आणि माइकचा दांडा धरला, लहानपणी होडीची कड धरायचा तसा.

पण वैनीने जा म्हटलं होतं. त्याने सुरुवात केली. "नाट्यापुढं वारा उठला. जाळं पंख्यात गुंतलं. मी म्हटलं पोरांना, धीर सोडू नका. सुरी घेतली दातांत..." माइकवरून आवाज पार जेटीपर्यंत जात होता. "आणि मी खाली गेलो."

तो थांबला. पुढचे दोन शब्द हजारदा उच्चारलेले. ओठ हलले, आवाज येईना. समोरचे तिघं मान खाली घालून बसले होते.

निवेदिकेला वाटलं, आजोबा रंगात आलेत. तिने लाडाने विचारलं, "मग? आजोबा, मग वर आलात ना?"

महिपतने वैनीकडे पाहिलं. तिच्यासाठी तो खोटं बोलायला तयार होता. जीभच तयार नव्हती. सगळी गर्दी वाट बघत होती आणि वाळूत कुठेतरी एक लहान मूल रडत होतं.

गुणवंती उभी राहिली. पदर नीट केला.

"नाय आले," ती म्हणाली.

माइक नव्हता, तरी शेवटपर्यंत ऐकू गेलं. निवेदिका गोंधळली. "आजी, कोण नाही आले?"

"माझे मालक. दत्ताराम तांडेल. जाळं त्यांनी कापलान. हे भावोजी बर्फावर होते तवा." ती मागे वळली. हात त्या तिघांकडे गेला. "ते नाय आले. पण होडी आली. हे तिघं आले. उठा रे, दिसू दे लोकांना."

ते तिघं एकेक करून उठले.

कोणी टाळी वाजवली नाही. महिपत स्टेजच्या पायऱ्या उतरून खाली आला आणि वैनीच्या बाजूला उभा राहिला.