सुमनताईंचा सत्कार

आमच्या वस्तीच्या समाजमंदिरात पोलिसांनी रहिवाशांची बैठक बोलावली होती. शाळेच्या भिंतीआड गर्द विकणारे दोघे पकडले गेले होते, म्हणून साहेब खुशीत होते. "ही खबर देणाऱ्या सुमनताईंनी जरा पुढं यावं," ते म्हणाले.

सुमनताई आमच्याच गल्लीत ब्लाउज शिवतात. नाव कुणाला कळणार नाही, या शब्दावर त्या साहेबांशी बोलल्या होत्या. त्या जागच्या हलेनात, तेव्हा एका महिला पोलिसानं हसत हसत त्यांना हाताला धरून नेलं. साहेबांनी खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. पकडलेल्यांपैकी एकाची आई पहिल्याच रांगेत बसली होती. सुमनताईंच्या तोंडाकडे एकटक बघत तीही टाळ्या वाजवत होती.

कौतुक करूनही माणसाला असं उघड्यावर सोडून देता येतं, हे मी तोवर पाहिलं नव्हतं.

नंतर चहा सुरू झाला. ती आई सुमनताईंजवळ आली आणि अगदी मायेच्या आवाजात म्हणाली, "तुमची पोरगी क्लासवरनं एकटीच येते ना हो?"

तेवढ्यात साहेबांनी दोघींना शेजारी शेजारी उभं केलं.

"फोटो काढतोय ताई, जरा हसा की!"