माळ्यावरचा खोकला

"अरे, हा माझ्याकडं बघतच नाय! पाट माझा, पाटावर चिठ्ठी माझ्या नावाची, आन् देव बघतोय कुठं, तर माझ्या चपलांकडं!"

कासूचे माजी सरपंच आमच्या कारखान्यात उभे राहून ओरडत होते. पेणमध्ये कारखाना म्हटलं की तो गणपतीचाच, हे वेगळं सांगायला नको. सरपंचांचा आवाज असा, की एसटी स्टँडवरची कबुतरं उडाली ती थेट नागोठण्याला जाऊन बसली, आणि आमच्या फळ्यांवरच्या निम्म्या गणपतींनी सुपाएवढे कान मिटून घेतले. मी मालक. गिऱ्हाईक ओरडत असताना मालकानं हसत राहायचं असतं. मी हसत होतो.

तेवढ्यात वरून, माळ्यावरून, संथ आवाज आला. "त्यांना म्हणावं, खाली बसा."

सरपंच बसले. शाडूच्या चिखलात, परीटघडीच्या पांढऱ्या लेंग्यासकट. आणि गप्प झाले. हे कासू गावानं वीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

"बघतोय," ते हळूच म्हणाले. "बघतोय रं माझ्याकडं." त्यांनी डोळे पुसले, हाताचा चिखल गालाला लागला, आणि मान वर करून त्यांनी विचारलं, "वर कोण हाय?"

वर होते आमचे आखणीचाचा. मूर्ती साच्यातून निघते, वाळते, अंगभर रंगते, तरी डोळे रेखले जाईपर्यंत ती मातीच असते. त्या डोळे रेखण्याला आमच्यात आखणी म्हणतात आणि आखणीवाल्याला सगळा कारखाना वचकून असतो. हे सगळं सांगायला मी तोंड उघडलं, आणि तोंडातून निघालं, "आमचे आजोबा."

आता आमच्या आजोबांचं खरं सांगतो. त्यांनी जन्मभर पोहे कांडले. ब्रश त्यांच्या हातात आला तो फक्त दाढीचा, आणि तोही त्यांना नीट धरता येत नसे. शिवाय तेव्हा त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली होती. पण एकदा सुटलेली थाप मला कधी अर्ध्यावर सोडवत नाही. मी सांगत सुटलो. वय नव्वद, आखणीच्या महिन्यात फक्त दूध घेतात, कोणाला दर्शन देत नाहीत, बोलले तर वर्षातून एकदाच. "म्हणजे तुमचं भाग्य बघा सरपंच," मी म्हणालो. सरपंचांनी माळ्याच्या शिडीला डोकं टेकवलं.

वरून खोकला आला. खोल, नव्वद वर्षांचा वाटावा असा. सरपंच भरून पावले.

ते गेल्यावर चाचा खाली आले. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी. "गप्पाशेट, मला ब्राह्मण केलंस की काय? नुसतं दूध? चहा तरी ठेवायचास!"

चाचा रोह्याचे. त्यांचे वाडवडील मुरुड-जंजिऱ्याकडचे सिद्दी, कित्येक पिढ्यांमागे समुद्रापलीकडून, आफ्रिकेतून आलेले. चाचांचा रंग पावसात भिजलेल्या कातळासारखा, केस बारीक कुरळे, आणि बोली अशी अस्सल आपल्याकडची की डोळे मिटून ऐकलं तर वाटावं, कोलाडच्या बाजारात वाल विकणारा कोणी बोलतोय. नवा माणूस हमखास विचारायचा, "तुम्ही मूळचे कुठले?" चाचा म्हणायचे, "रोह्याचा." "नाय, पण मूळचे?" "स्टेशनजवळचा." त्याच्यापुढे कोणी गेलंच, तर म्हणायचे, "आफ्रिका मी शाळेतल्या नकाशात बघितली. ती पण घडीवर फाटलेली."

सकाळच्या गाडीनं ते पेणला यायचे. पिशवीत एक डबा आणि अगरबत्तीच्या नळीत एक ब्रश. त्या ब्रशला तीनच केस होते, त्यातला एक आजारी. तेवढ्यावर ते दिवसाला साठ-सत्तर डोळे उघडायचे. रेघ ओढताना श्वास रोखायचा असतो. मी पैजेवर सांगतो, चाचांनी निम्मं आयुष्य श्वास न घेता काढलं. शुक्रवारी दुपारी नमाजाला जायचे, परत यायचे, हात धुवायचे आणि पुन्हा गणपतीसमोर बसायचे. एकदा एक मंडळवाला त्यावरून काहीतरी पुटपुटला. चाचा रेघ पुरी करून म्हणाले, "हात धुतलेत. अजून काय धुऊ, सांगा." तो गप्प बसला. मीही गप्प बसलो होतो, हे मला अलीकडे फार आठवतं.

काळा रंग ते विकतचा घेत नसत. "डब्यातला काळा मेलेला असतो," म्हणायचे. तिळाच्या तेलाचा दिवा लावून, वर मातीचं झाकण धरून काजळी जमवायचे आणि ती डिंकात खलायचे. त्यांच्या रंगावरून कारखान्यात कोणी थट्टा केली, की ब्रश वर धरून म्हणायचे, "सोनेरी लावा, गुलाबी लावा, किती पण लावा. काळा लागल्याशिवाय देवाला पण दिसत नाय."

आणि नजर. सगळे कारागीर समोर बघणारा डोळा काढतात, कारण गिऱ्हाईक उभं असतं. चाचांचा डोळा खाली बघायचा. "उभ्या माणसाकडे बघणारा गणपती लवकर विकला जातो. पण घरात माणूस देवापुढं उभा किती राहतो? बसतो ना?" बुबुळातला पांढरा ठिपकाही सगळे वर देतात, चाचा खाली द्यायचे. का, तर समईचा उजेड खालून येतो. हा खालचा ठिपका अख्ख्या पेणमध्ये दुसरं कोणी देत नव्हतं. तीच त्यांची सही. पण दीड दिवसात, फार तर अकरा दिवसांत, ती सही पाण्यात जायची.

ती आजोबांची थाप मात्र पाण्यात गेली नाही. सरपंचांनी ती पेणपासून रोह्यापर्यंत पोचवली. माणसं आमच्या शिडीला हळद-कुंकू वाहायला लागली. एका बाईनं तर मुलाची दहावीची गुणपत्रिका शिडीखाली ठेवली. मोठं गिऱ्हाईक आलं की मी वर हाक द्यायचो, "आजोबा, आशीर्वाद द्या!" आणि चाचा खोकायचे. लग्नाचा विषय असला की हलका, धंद्याचा असला की दमदार. आम्ही दोघं नंतर पोट धरून हसायचो. निदान मी हसायचो. ज्या माणसाचं सगळं कसब श्वास रोखण्यात होतं, त्याला मी खोकायला बसवलं होतं. डोळे आखणारा सिद्दी आहे असं सांगितलं असतं, तर सरपंचांनी शिडीला डोकं टेकवलं नसतं का? मला वाटतं, टेकवलं असतं. विचारून बघायची हिंमत मला झाली नाही, आणि त्या न विचारण्याला मी धंद्याची हुशारी म्हणत राहिलो.

पाचव्या वर्षी एकदा चाचा ब्रश पुसता पुसता म्हणाले, "खोकून खोकून घसा बसला रे गप्पाशेट. एकदा नाव सांगू काय?"

"पुढच्या सीझनला," मी म्हणालो.

पुढच्या सीझनला मुंबईच्या एका मोठ्या संग्रहालयातून एका बाईंचा फोन आला. त्यांना पेणची एक शाडूची मूर्ती हवी होती, विसर्जन न होणारी, काचेत कायमची ठेवायला. खाली कलाकाराच्या नावाची पाटी लागणार होती. मी हे चाचांना सांगितलं.  त्या एका मूर्तीची आखणी त्यांनी तीन दिवस केली. एका डोळ्याला दीड दिवस!

बाई यायच्या दिवशी चाचा नवा शर्ट घालून आले. काखेत जुन्या लुंगीत बांधलेलं एक चित्र. त्यांच्या आईचं. त्यांनी ते मला उघडून दाखवलं. रोह्याच्या बाजारात सुकट विकणारी, ठसठशीत, काळीभोर बाई, कानात बुगड्या, आणि नजर खाली, आपल्याकडे. "आमच्या माणसांचं तोंड कोणी काढत नाय," ते म्हणाले. "देवाचे सगळे काढतात. बाईंना दाखवीन. बघू, काय म्हणतात." आणि सवयीनं शिडी चढून वर जाऊन बसले. "तू हाक मार, मी येतो."

बाई आल्या त्याच वेळी नेमके कासूचे सरपंचही आले, सोबत मंडळाची सात-आठ माणसं. बाई मूर्तीसमोर उभ्या राहिल्या, मग कोणी न सांगता खाली बसल्या. बराच वेळ बसल्या. "हे डोळे कोणी आखलेत?"

मी तोंड उघडायच्या आत सरपंच म्हणाले, "ह्यांचे आजोबा! सिद्धपुरुष हाय तो! दूध सोडून काय घेत नाय!"

"मला त्यांना भेटायचंय," बाई म्हणाल्या.

सगळे माझ्याकडे बघत होते. मी सांगतो, त्या दिवशी फळ्यांवरचा प्रत्येक गणपतीसुद्धा माझ्याकडे बघत होता. सरपंचांपुढे सहा वर्षांची थाप उघडी पडणार होती. आणि मी मान खाली घालून म्हणालो, "आजोबा गेले. मागच्याच महिन्यात."

सरपंचांनी टोपी काढली. बाईंनी वहीत नाव लिहून घेतलं. आजोबांचं.

तेवढ्यात वरून खोकला आला. छोटासा. मी आहे, एवढंच सांगणारा.

बाईंनी वर बघितलं. "वर कोण आहे?"

"कोणी नाय," मी म्हणालो. "मांजर."

त्यानंतर वरून काहीही आवाज आला नाही. सरपंच आपला गणपती बघून गेले, बाई मूर्ती खोक्यात भरून घेऊन गेल्या. मग चाचा उतरले. लुंगीत बांधलेलं चित्र काखेत. बाईंसाठी गाठ सोडायची राहूनच गेली होती. मी पाया पडायच्या बेतात होतो. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "मांजराला दूध तरी ठेवायचंस, गप्पाशेट."

त्या सीझनचं काम त्यांनी पुरं केलं. "देव आंधळे ठेवून जाऊ नये," म्हणाले. माळ्यावर मात्र चढले नाहीत. खाली, दरवाजात, सगळ्यांच्या समोर बसून आखलं. गिऱ्हाईकं येत होती, बघत होती. कोणाचं काही बिघडलं नाही. एका म्हातारीनं तर "हात बघू, बाबा" म्हणत त्यांचा हात आपल्या कपाळाला लावला. मी गल्ल्यामागे बसून हे बघत होतो. शेवटच्या मूर्तीनंतर ब्रश अगरबत्तीच्या नळीत गेला आणि चाचा संध्याकाळच्या गाडीनं रोह्याला गेले. पुढच्या वर्षी मी तीन निरोप पाठवले. उत्तर आलं, "घसा बरा नाय."

घसा खरंच बरा नव्हता. मला कळलं तेव्हा चाचा जाऊन त्यांचा चाळिसावाही होऊन गेला होता.

रोह्याला त्यांच्या घरी गेलो. चाचींनी दार उघडलं, ओळखलं, आत घेतलं. मी उभाच होतो. भिंतीवर ते आईचं चित्र होतं, पण इतकं खाली लावलेलं की माझ्या गुडघ्याशी आलेलं.

"बस," चाची म्हणाल्या. "उभ्यानं दिसत नाय ते."

मी बसलो. सुकट विकणाऱ्या त्या बाईनं माझ्याकडे असं बघितलं, की जन्मात पहिल्यांदा मला एकही थाप सुचली नाही. मी चाचींना मांजराचं सांगायला लागलो. त्या म्हणाल्या, "ठाऊक हाय. त्यांनी सांगितलं होतं. हसून सांगितलं होतं." आणि चहा टाकायला उठल्या. 

परत येऊन मी संग्रहालयातल्या त्या बाईंना फोन लावला. सगळं खरं सांगितलं. माळा, खोकला, काजळी, खालचा ठिपका, सगळं. बाई हसल्या. म्हणाल्या, "तुम्ही गोष्टी फार रंगवून सांगता. आजोबांची गोष्ट आम्ही पुस्तिकेत छापलीसुद्धा. ही दुसरीही लिहून पाठवा ना, छान आहे!" मी लिहून पाठवली. दोनदा. तुम्ही वाचताय ती तिसरी खेप. आणि माझा लौकिक माहीत असलेले पेणकर ही पण थापच समजणार, हे मला ठाऊक आहे. तर एवढंच सांगतो. कबुतरं नागोठण्याला गेली नव्हती. बाकी सगळं झालं. चाचांचं नाव युनूस सिद्दी.

गेल्या महिन्यात मुंबईला जाऊन ते संग्रहालय बघितलं. काचेत आमचा गणपती. खाली पाटी: शाडूची मूर्ती, पेण. आखणी, आणि पुढे आमच्या पोहेवाल्या आजोबांचं नाव. माणसं येत होती, उभ्यानंच बघत होती, पुढे जात होती. देव सगळ्यांच्या चपलांकडे बघत होता. मी तीन हात मागे सरलो आणि त्या गुळगुळीत फरशीवर मांडी घातली. त्यानं बघितलं. बुबुळात ठिपका होता, खाली, समईच्या बाजूला.

खांद्याला कोणीतरी हात लावला. गणवेशातला रखवालदार.

"हे डोळे आमच्या चाचांनी आखलेत," मी म्हणालो. "युनूस सिद्दी. रोह्याचे."

"असतील," तो म्हणाला. "उठा. इथं खाली बसायचं नाय."