दशांशचिन्हाच्या भरवशावर आजारी

वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी मला पहिली कायम नोकरी मिळाली. त्याआधीची पंधरा वर्षे मी महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर रसायनशास्त्र शिकवत होतो. तास झाला तर मानधन, सुट्टी लागली तर देशसेवा. शेंद्र्याच्या एका कारखान्याने आपल्या प्रशिक्षण केंद्रासाठी मला निवडले आणि एकच अट घातली : सोमवारी रुजू होताना त्यांच्या डॉक्टरांनी मला तंदुरुस्त ठरवले पाहिजे.

मी निरोगी आहे, असे तोवर माझे मत होते. मात्र माझी मते मी सहसा कोणावर लादत नाही, स्वतःवरही नाही. त्यामुळे कारखान्याने मागितलेल्या रक्ततपासणीचा अहवाल हाती येताच मी लगेच शरण गेलो. शरीरात कुठे दाह सुरू झाला की यकृत जे प्रथिन रक्तात वाढवते, ते सीआरपी माझ्या अहवालात चार होते. तीन आठवड्यांपूर्वी दुसऱ्या एका लॅबमध्ये तेच शून्य दशांश चार निघाले होते. मी दोन्ही आकडे वहीत उतरवून भागाकार केला. दहापट.

दुसरा कोणी लॅबमध्ये जाऊन विचारून आला असता. मला विचारण्यापेक्षा वाचणे सोपे जाते. पुस्तक आपल्याकडे ‘एवढंही कळत नाही?’ अशा नजरेने पाहत नाही. दोन दिवस मी एकेका अवयवावर संशय घेतला. पित्ताशयावर माझा विशेष रोष होता, कारण ते नेमके कुठे असते हे मला ठाऊक नव्हते. अखेरीस, नाकारले जाण्यापेक्षा आपणच सभ्यपणे मागे सरावे म्हणून, रुजू होणे लांबणीवर टाकण्याची विनंती करणारे पत्र लिहिले. तीन मसुदे झाले.

सोमवारच्या कौतुकासाठी सोयगावहून आलेल्या माझ्या थोरल्या बहिणीला ते पत्र टेबलावर सापडले.

“हे काय लिहिलंस?”

“ताई, अंगात दाह वाढलाय. दहापट.”

“कुठं?”

“ते शोधतोय.”

“ताप हाय? काही दुखतंय?”

“नाही.”

“मग दाह काय पुस्तकात व्हतोय?” तिने पायात चपला सरकवल्या. “चल. भाऊ सोमवारी कामावर जातोय म्हणून अर्ध्या गावाला सांगून आलेय मी.”

लॅबच्या काउंटरवरच्या मुलीने दोन्ही अहवाल शेजारी ठेवले आणि मान वर केली. “सर, तुम्ही?” ती माझी विद्यार्थिनी निघाली. मग तिने आकड्यांशेजारच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवले. एक अहवाल डेसिलिटरमागे मिलिग्रॅम सांगत होता, दुसरा लिटरमागे. “दोन्ही एकच आहेत, सर. इकडं पाचच्या आत नॉर्मल, तिकडं शून्य दशांश पाचच्या आत. बाजूला छापलंय.”

मी वही उघडली. एकके लिहिलेलीच नव्हती.

“युनिट राहिलं की तुम्ही अर्धा मार्क कापायचात,” ती खाली पाहत म्हणाली. “माझा दोनदा कापलाय.”

“याचा पूर्ण काप, माय,” ताई म्हणाली.

लाज झाकण्यासाठी मी एक अभ्यासू प्रश्न विचारला : निरोगी माणसाच्या रक्तात हे शून्यच का नसते?

“थोडं असतंच, सर. सर्दी झाली, हिरडी सुजली, की अजून वाढतं. शिवाय वजन...” तिची नजर माझ्या पोटापर्यंत आली आणि गुरुजनांविषयीच्या आदराने तिथेच थांबली.

सोमवारी कारखान्याच्या डॉक्टरांनी तो आकडा पाहिला की नाही, हे मला सांगता येणार नाही. ते फोनवर प्लंबरशी भांडत होते. शिक्का मात्र त्यांनी मारला. दहा वाजता मी वर्गात उभा होतो.

पत्र मी फाडले नाही. तिसरा मसुदा खरोखरच चांगला उतरला होता.