अडणारं दार

पडदा उघडतो तेव्हा समोर पत्र्याची खोली आहे, टेबलावर एक फोन आहे आणि फोनपुढे शिपायांची रांग. दूर कुठेतरी तोफ खोकते, पण कुणी मान वळवत नाही. युद्ध सुरूच आहे, फोनची पाळी मात्र आठवड्यातून एकदाच येते. रांगेत मधोमध, केसांत भुसा घेऊन उभा आहे तो पलटणीचा सुतार. दारूगोळ्याच्या पेट्या, खंदकांची दारं, कधी शवपेट्याही, सगळं याच्याच हातचं.

घरी फोन लागला की तो आधी एक आवाज शोधायचा. त्याच्या घराचं दार खाली घासायचं आणि असं करकरायचं की पाहुणा आला हे अख्ख्या गल्लीला कळावं. बायको वर्षानुवर्षं मागे लागली होती आणि सुतारमहाराज "उद्या करतो" म्हणत होते. इथे आल्यापासून मात्र ती करकर त्याला गाण्यासारखी गोड लागायची.

आज मुलगी बाहेरून धावत आत आल्याचं कळलं, पण करकर काही आली नाही.

"दार वाजलं नाही गं?" त्याने बायकोला विचारलं.

"वाजेल कसं? भावोजींनी तासून दिलं. एका दुपारात! आता नुसतं बोट लावलं तरी उघडतं."

भावोजी म्हणजे याचा धाकटा भाऊ, दुकानात कापड मोजणारा. सुताराच्या अंगाचा तिळपापड झाला.

"कशाने तासलं?"

"तुमच्याच रंध्याने. आणखी कशाने?"

मागून मुलगी ओरडली, "बाबा, काका तुझ्यापेक्षा फास्ट आहे!"

रांगेतला ड्रायव्हर फिदीफिदी हसला. "काय मिस्त्री, घरी बदली कारागीर ठेवला वाटतं!"

त्या आठवड्यात सुताराने खंदकाचं एक दार इतकं तासलं की ते चौकटीतून आरपार जायला लागलं. साहेब म्हणाले, "मिस्त्री, दार करतोयस की फूटपट्टी?" तो रंधा मारतच राहिला. डोळ्यांपुढे एकच चित्र होतं: आपला रंधा, आपली चौकट, भाऊ घाम पुसतोय आणि बायको त्याला पाणी आणून देतेय. तो पाण्याचा पेलासुद्धा त्याला सलत होता.

पुढच्या पाळीला फोन भावानेच उचलला.

"दादा, जरा घोळ झालाय. जास्तच तासलं गेलं. खाली बोटभर फट पडलीय, गार वारा आत येतो. काय करू सांग ना."

सुताराचा चेहरा असा खुलला की ड्रायव्हरला वाटलं, गड्याची रजा मंजूर झाली.

"हात लावू नकोस! मी आल्यावर बघीन."

"कधी येशील?"

तेवढ्यात पलीकडे मुलगी खोकली. थांबली, पुन्हा खोकली.

सुताराने रिसीव्हर या कानावरून त्या कानावर घेतला.

"ऐक. माळ्यावर माझ्या खोक्यात लाकडाची पट्टी आहे. दाराच्या खालच्या कडेला आतून लाव. आधी भोक पाड, मग खिळा मार, नाहीतर लाकूड फुटेल."

"बरं दादा. चार खिळे पुरेत?"

"तीनच मार. चौथ्याला हात लावायचा नाही. तो माझा."