मामाची बोटं

मशीनचं अवजड हेड हवं तिथे नेमकं नेऊन थांबवतो तो एक पोलादी दांडा. त्याला बॉल स्क्रू म्हणतात. दांड्यावर गोल तळाचे आटे कोरलेले असतात, त्यांच्यावर एक जाडजूड नट फिरतो, आणि नट नि आटे यांच्या मधून पोलादाचे छर्रे पळत असतात. टोकाला पोचलेले छर्रे नटाच्या पाठीवरच्या वाकड्या नळीतून मागे येतात आणि पुन्हा पळू लागतात. माणसाचं तरी दुसरं काय असतं म्हणा! वर्षानुवर्षं हे पळणं झालं की आटे झिजतात, नट हिंदकळतो, आणि मशीन केसभर इकडेतिकडे कापायला लागतं. मग तो दांडा मामाच्या शेडमध्ये येई.

मामा खरं तर एकाच मुलाचा मामा. भाचा लहानपणी शाळा सुटली की शेडमध्ये येऊन 'मामा, मामा' करत भुणभुण लावी. ते ऐकून गिऱ्हाइकं मामा म्हणू लागली आणि बघता बघता कारखान्यांची सगळी वसाहत त्याची भाचरं झाली. त्याला मामा बनवायची मात्र कुणाची छाती नव्हती. कुणी झिजका नट आणून 'जरासाच ढिला आहे' म्हणाला, तर मामा तो नुसता हलवून म्हणे, "जरासा? यात तान्हं पोर झोपवा, इतका झुलतोय!"

आटे पुन्हा घासून आणायचे, त्यांत आधीच्यापेक्षा किंचित मोठे छर्रे भरायचे, नळीचं तोंड हाताने पॉलिश करायचं. त्याने दुरुस्त केलेला दांडा नव्यापेक्षा शांत चाले, असं लोक म्हणत, आणि ते खोटं नव्हतं. छर्रे मापाप्रमाणे निवडण्याचं काम त्याच्या धाकट्या बहिणीचं. नवरा गेल्यावर ती मुलाला घेऊन भावाकडे आली होती, आणि बसून खाणं तिच्या रक्तात नव्हतं. पन्नाशी उलटली तरी भावाला ती चिमीच.

शेवटच्या तपासणीची खरी रीत अशी, की नटाला दोरी गुंडाळायची, ती स्प्रिंगच्या ताणकाट्याने ओढायची आणि काटा मध्येच उडी मारतो का ते पाहायचं. मामाकडे असा काटा होता. खिळ्याला टांगलेला, धूळ खात. तो गिऱ्हाइकाला दाखवण्यापुरता. मामा डोळे मिटून नट बोटांच्या टोकांनी फिरवी आणि म्हणे, "चालला!" त्यावर अपील नसे.

आणि हीच बोटं मेली.

एकदम नाही. आधी टोकं बधिर झाली, थंडीने होतात तशी. थंडी गेली, बधिरपणा गेला नाही. एकदा लेथवरून उडालेली लोखंडाची तापलेली चीप बोटाला चिकटून बसली आणि ते मामाला हात धुताना फोड पाहून कळलं. त्या दिवशी तो घाबरला. मरणाला भ्याला नसता इतका घाबरला. डॉक्टरकडे जायचं, तर डॉक्टर विचारणार काम काय करता, आणि ही गोष्ट वसाहतभर होणार. तो गेला चष्मेवाल्याकडे. आजार रेड्याला आणि इलाज पखालीला! नवा चष्मा लावून तो चिमीला म्हणाला, "आता डोळे साथ देत नाहीत गं, छर्रे तूच बसवत जा." शर्टाची बटणं तो आरशात बघून लावू लागला. नट मात्र पूर्वीसारखाच डोळे मिटून फिरवी आणि म्हणे, "चालला!" इतक्या वर्षांचा अंदाज होता, चिमीचं काम चोख होतं, म्हणून निभावून जात होतं.

मग भाचाच एक दांडा घेऊन आला. तो आता मोठ्या वर्कशॉपमध्ये ऑपरेटर होता आणि हा त्याच्याच मिलिंग मशीनचा होता. उभा दांडा. आडव्या दांड्याने दगा दिला तर माल बिघडतो. उभ्या दांड्याच्या नटावर अख्खं हेड लोंबकळत असतं. ब्रेक धरतो तो दांड्याला. छर्रेच सांडले तर नटाला कोण धरणार?

"मामा, नीट कर हां. रोज माझंच डोकं त्याच्याखाली असतं," भाचा हसत म्हणाला.

"तुझ्या डोक्यात आहे काय फुटण्यासारखं?" मामाही हसला.

काम झालं. चिमीने छर्रे भरले, नळी बसवली आणि सहज म्हणून नट फिरवून पाहिला. ती थांबली. पुन्हा फिरवला.

"दादा, इथे खटकतंय."

मामाने डोळे मिटून नट फिरवला. त्याला काहीच लागलं नाही. त्याला आताशा कशातच काही लागत नव्हतं. नळी उघडून पाहावं, हे त्याच्या मनात आलं. पण उघडायचं म्हणजे चिमीचं बरोबर होतं म्हणायचं, आणि मग पुढचा प्रश्न येणारच.

"ग्रीस नवं आहे. बसेल."

"एकदा काट्याला लावून बघू या का?"

"आता मला काटा शिकवणार?" तो तिच्यावर खेकसला. "मी म्हणतोय ना चालला!"

चिमीने दांडा बांधायला घेतला. दादाची बोटं चालला म्हणाली होती.

खटकत होतं ते नळीच्या तोंडाशी. मामाने पॉलिश करताना तिथे बारीकशी धार राहिली होती. पूर्वीच्या मामाने ती नखाने टिपली असती. प्रत्येक छर्रा त्या धारेवर आपटत राहिला, आणि एका दुपारी नळीचं तोंड तुटलं, छर्रे मशीनखाली सांडले आणि हेड खाली आलं. भाचा तेव्हा हेड वर थांबवून हाताने माल बसवत होता. डोकं वाचलं. उजव्या हाताची तीन बोटं गेली.

वर्कशॉपचा फिटर तो नट फडक्यात बांधून हॉस्पिटलात घेऊन आला. "मामा, मनाला लावून घेऊ नका. लोखंडच कधीकधी दगा देतं. तुमच्या हातून चूक व्हायची नाही." मामाने फडकं उघडलं, नव्या चष्म्यातून नळीचं तुटकं तोंड पाहिलं आणि फडकं पुन्हा बांधून टाकलं. त्याला शिव्या हव्या होत्या. त्या कुणी देईना.

भाचा शुद्धीवर आला तेव्हा म्हणाला, "मामा, बोटं दुखतायत रे."

"कुठली?"

"गेलेली."

मामा उठून बाहेर बाकावर जाऊन बसला. चिमी कँटीनमधून चहा घेऊन आली. स्टीलचा पातळ ग्लास, वाफाळता, तिने रुमालात धरला होता. तिने तो पुढे केला आणि मामाने नुसत्या हातात घेतला. घेतला आणि धरून बसला. चिमी वाट पाहत होती, आता हा ग्लास खाली ठेवेल, हात झटकेल. मामा समोरच्या भिंतीकडे बघत होता.

तिने ग्लास काढून घेतला. त्याची बोटं उलटी करून पाहिली. टोकं लाल झाली होती. एका बोटावर जुन्या फोडाचा डाग होता.

"कधीपासून?"

"हिवाळ्यापासून."

बराच वेळ ती त्याचा हात हातात घेऊन बसली. मामाला वाटलं, आता ही ओरडेल, थोबाडीत मारेल. मारली असती तर बरं झालं असतं.

"माझी बोटं तर धड होती ना रे दादा," चिमी म्हणाली. "मला खटकलं होतं. मी माझ्या बोटांचं ऐकलं नाही, तुझ्या बोटांचं ऐकलं."

मग ती रडली. त्याच्यावर नाही, स्वतःवर चिडून रडली, आणि मामाला ते बघत बसावं लागलं.

शेड अजून चालू आहे. भाचा घरी असतो, डाव्या हाताने जेवायला शिकतोय. नट आता चिमी फिरवते. मग दोरी गुंडाळते, खिळ्यावरचा काटा काढते आणि ओढते. मामा समोरच्या स्टुलावर बसून रॉकेलमध्ये सुटे भाग धुतो. प्रत्येक दांड्याच्या वेळी, सवयीने, तो एकदा विचारतो, "खटकतंय का गं?"

चिमी काट्याकडे बघत राहते.