तक्रार नाही म्हणजे हिरवं

सोमवारी सकाळी गंगापूर रोडवरच्या ऑफिसात पोचले की मी पंखा लावायच्याही आधी एक पान उघडते. पानावर आडव्या ओळी आहेत. प्रत्येक ओळ म्हणजे आमच्या ब्राउझरचं एक येऊ घातलेलं व्हर्जन. त्यात नवीन काय असणार, ते कोण करणार, नवं काही आत घ्यायचं दार कधी बंद होणार आणि लोकांच्या फोनवर ते कधी जाणार, हे सगळं तिथे असतं. शेवटच्या रकान्यात रंग. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे शंका, लाल म्हणजे थांबा. हे पान सांभाळणं ही माझी नोकरी. नातेवाइकांना हे नीट सांगता आलेलं नाही. त्यांच्यात मी ‘कॉम्प्युटरमध्ये’ आहे.

ब्राउझर मुळापासून आमचा नाही. परदेशात त्याचा एक सांगाडा तयार होतो, कुणालाही वापरता येईल असा. आम्ही त्यावर काम करून तो आपल्याकडच्या साध्या फोनांना झेपेल असा करतो. सांगाड्याचं नवं व्हर्जन ठरल्या तारखेला येतं, त्यात सुरक्षेच्या दुरुस्त्या असतात, म्हणून आम्हालाही त्याच्या मागोमाग निघावंच लागतं.

आईला हे मी गाड्यांवरून समजावलं होतं. ती सुरगाण्याकडच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आठवडाभर तिथे खोली करून राहते आणि शनिवारी घरी येते, निम्मा रस्ता जीपने. जीप भरल्याशिवाय सुटत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार. मी म्हटलं, आमची गाडी जीप नाही, एसटी आहे. भरो न भरो, वेळ झाली की सुटते. ज्याचं काम झालं नसेल तो पुढच्या गाडीने.

“आणि एसटी पंक्चर असली तर?”

“म्हणून तर मी आहे ना.”

म्हटलं खरं. पण पंक्चर दिसल्यावर ओरडावं लागतं, आणि ते मला जमत नाही.

आमच्या मीटिंगची एक पद्धत आहे. सर एकेक ओळ वाचतात, टेबलाभोवती नजर फिरवतात आणि विचारतात, “कुणाचं काही? नाही? चला, हिरवं.” नजर फिरून परत येईपर्यंत जेवढा वेळ जातो तेवढ्यात बोलायचं. इंग्रजी माध्यमातली आहे म्हणजे फाडफाड बोलेल, असं मला घेताना सरांना वाटलं असावं. शाळेत इंग्रजी चुकलं की वर्ग हसायचा आणि घरी मी ‘एकोणसाठ’च्या जागी ‘फिफ्टी नाइन’ म्हटलं की मावश्या हसायच्या. त्यामुळे दोन्हीकडे वाक्य आधी मनात तपासून घ्यायची सवय लागली. ते तपासून होईपर्यंत सर पुढच्या ओळीवर गेलेले असतात.

चाचणीचीही तशीच पद्धत. नवं व्हर्जन आधी थोड्या लोकांच्या फोनवर जातं. त्यांच्याकडून काही आलं नाही की सर म्हणतात, “तक्रार नाही म्हणजे हिरवं.”

गेल्या पावसाळ्यातल्या त्या व्हर्जनमध्ये मोठी गोष्ट एकच होती: फोनची मेमरी वाचवण्याची नवी सोय. वापरात नसलेली पानं ब्राउझर आपणहून मिटवणार, म्हणजे लहान फोन अडकत बसणार नाही. ती केली होती माझ्या मालेगावच्या सहकाऱ्याने. त्याच्या घरी पॉवरलूम आहेत. बोलतो मोठ्याने. “मागांच्या खडखडाटात वाढलोय मॅडम, हळू बोलून घरात कुणी जेवायलासुद्धा वाढलं नसतं.” आम्ही एकाच वयाचे, तरी तो मला मॅडम म्हणतो, आणि त्यात थोडी चेष्टा असते. त्याची ओळ हिरवी होती. मंगळवारी व्हर्जन सुटणार होतं.

त्याच्या आधीच्या शनिवारी आई आली. चाचणीचं व्हर्जन मी तिच्या फोनवर टाकलेलं होतं. ती मेथी निवडत होती तेव्हा विचारलं, नवीन कसं चालतंय.

“छान आहे,” ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, “हल्ली माझ्याच हातून चुका फार होतात.”

“कसल्या?”

तिने सांगितलं तेही मेथीकडे बघतच. शाळेत रेंज नाही. दुपारी मुलांचं जेवण झालं की ती पाण्याच्या टाकीच्या ओट्यावर जाऊन उभी राहते, तिथे मिळते. किती मुलं आली, किती जेवली, हे साइटवर भरायचं. शेवटी मेसेजवर एक नंबर येतो, तो टाकला की माहिती जाते. नंबर बघायला ती मेसेज उघडते आणि परत येते तर पान कोरं.

“परत भरते मग. तोवर कधी रेंज जाते. बोट लागत असेल गं कुठेतरी. वयच झालं आता.”

“आणि माहिती गेलीच नाही तर?”

“मग त्या दिवशी शाळेत खिचडी शिजलीच नाही असं धरतात. तालुक्याहून फोन येतो. आत्तापर्यंत दोनदा आला.”

“मला का नाही सांगितलंस?”

“त्यात तुला काय सांगायचं? माझ्या हाताचं तू काय करणार?”

मी तिचा फोन घेतला. एका साइटवर चार रकाने भरले, मेसेज उघडला, परत आले. कोरं. पुन्हा केलं. पुन्हा कोरं. तिच्या फोनमध्ये मेमरी इतकी कमी, की ब्राउझरमधून पाऊल बाहेर टाकलं की पान ‘वापरात नाही’ असं ठरत होतं. आईच्या बोटाचा यात काही संबंध नव्हता.

रविवार नीट गेला नाही. गॅसवर दूध ठेवलं आणि लॅपटॉपपाशी आले, लॅपटॉपपासून उठून परत दुधापाशी. मला आई एकटी दिसत नव्हती. तसे फोन वापरणारे सगळे आपापल्या ओट्यावर उभं राहून स्वतःच्या बोटाला दोष देत असणार, आणि जो स्वतःला दोष देतो तो तक्रार कशाला करेल? आमच्या पानावर ते सगळं हिरवं दिसत होतं.

दुपारी मी पान उघडून ती ओळ लाल केली. मीटिंगमध्ये न ठरता मी कधी रंग बदलला नव्हता. मग दर थोड्या वेळाने बघत राहिले, कुणी पाहिलं का. संध्याकाळी सहकाऱ्याचा मेसेज आला. “मॅडम, चुकून लाल झालंय वाटतं.”

मी लांबलचक इंग्रजी उत्तर लिहिलं आणि पुसलं. मग एवढंच पाठवलं, “चुकून नाही.”

सोमवारी ऑफिसात गेल्या गेल्या खणातला सगळ्यात लहान फोन काढून चार्जिंगला लावला. चाचणीसाठीचे फोन त्या खणात असतात. लहान फोन कुणी घेत नाही, त्यामुळे तो कायम मेलेला असतो.

मीटिंग सुरू झाली. सर त्या ओळीवर आले आणि थांबले. “हे लाल कुणी केलं?”

“मी.”

सगळे बघायला लागले. वाक्य तपासायला वेळ नव्हता. जे निघालं ते मराठीत निघालं आणि उलटसुलट निघालं: आधी टाकी, मग खिचडी, मग मेमरी.

“माझ्या फोनवर चालतं की,” सहकारी म्हणाला.

“तुझ्या फोनवर लग्नाचा अख्खा व्हिडिओ एडिट होतो,” मी म्हणाले. कुणीतरी हसलं. मी लहान फोन त्याच्यापुढे सरकवला.

त्याने करून बघितलं. कोरं. दुसरी साइट घेतली. कोरं. तिसऱ्या वेळी तो खालच्या आवाजात म्हणाला, “लहान फोनांसाठीच तर केलं होतं मी हे.”

सर म्हणाले, “उद्याचं थांबवता येणार नाही. सुरक्षेच्या दुरुस्त्या आहेत.”

“थांबवू नका. मेमरीची सोय लहान फोनांपुरती बंद ठेवा. बाकी सगळं जाऊ दे.”

“पण तक्रार एकही आलेली नाही.”

“सर, त्यांना वाटतं त्यांचंच बोट चुकलं.”

“कुणाला वाटतं?”

घरचं ऑफिसात न्यायचं नाही, हे मी पहिल्या दिवसापासून पाळलं होतं. ‘एका युजरला’ असं म्हणता आलं असतं. पण मग आम्ही त्या एका युजरला तक्रार पाठवायला सांगून मोकळे झालो असतो.

“माझ्या आईला,” मी म्हणाले.

सरांनी या वेळी टेबलाभोवती नजर फिरवली नाही. सहकाऱ्याकडे बघितलं. तो अजून फोनच बघत होता. “बंद करायला फार वेळ लागत नाही,” तो म्हणाला. “करतो.” बाहेर पडताना मात्र नेहमीच्या आवाजात म्हणाला, “वा मॅडम, काकूंच्या खिचडीने माझी सगळी मेहनत खाल्ली.” आणि दारातून वळून विचारलं, “काकूंचा फोन कुठला आहे? मॉडेल पाठवा. पुढच्या व्हर्जनला त्याच्यावर आधी बघतो.”

व्हर्जन मंगळवारी वेळेवर सुटलं. आईला मेसेज करून ते फोनवर घ्यायला लावलं, आणि माहिती गेली की कळव, एवढंच सांगितलं. बुधवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर माझं कशात लक्ष नव्हतं. फोन उलटा ठेवत होते आणि सुलटा करत होते. आईचा मेसेज आला: “गेली माहिती. पहिल्या झटक्यात.”

शनिवारी ती आल्यावर मी सगळं सांगितलं. मला वाटलं होतं तिला बरं वाटेल. ती पिशवीतून नागलीचं पीठ काढत होती, ते तिने तसंच ओट्यावर ठेवलं.

“म्हणजे माझं चुकत नव्हतं.”

“नाही.”

“मी हेडमास्तरांना सांगितलं की मला आता हे जमत नाही, दुसऱ्या कुणाला द्या. तेही म्हणाले, बरं, दिवाळीनंतर बघू.” तिचा आवाज चढला नाही, पण माझ्याकडे तिने बघितलंही नाही. मी पीठ डब्यात ओतलं. मग तीच म्हणाली, “आता सांगते त्यांना, राहू द्या माझ्याकडेच.”

जेवताना ती मध्येच थांबली. “मग कधीकधी मराठीत लिहिताना शेवटचं अक्षर दोनदा उमटतं, ते?”

“ते काय?”

“आणि अक्षर मोठं केलं की खालचं बटणच जातं. मला वाटायचं माझा चष्मा. तेही तुमचंच का?”

मी हात धुऊन लॅपटॉप आणला. पुढच्या व्हर्जनच्या ओळीत दार अजून उघडं होतं. तिसरं, मग चौथं, ती सांगत गेली, कधीपासून साठलेलं. मला टाइप करायला पुरेना.

“आई, जरा सावकाश.”

“सावकाश कशाला?” ती म्हणाली. “वेळ झाली की सुटते ना तुमची गाडी?”