बिनमिशांचा पाहुणा

सभ्य स्त्री-पुरुषहो, अत्यंत गंभीर स्वरूपाची एक बाब मी आज जबाबदारीने जाहीर करतो आहे. त्या दिवशी अमरावतीच्या आमच्या कॉलेजात आलेल्या प्रमुख पाहुण्यांना मिशा नव्हत्या.

हसू नका. त्या मिशांवर माझी बदली लटकलेली होती.

दोन वर्षांपूर्वी स्नेहसंमेलनाला मी एक नामवंत क्रिकेटपटू आणला होता. काळा चष्मा, मागेपुढे दोन दणकट माणसं, दीड तास उशीर, सगळं अगदी शास्त्रोक्त. त्याने शाल घेतली, श्रीफळ घेतलं, पाकीट घेतलं, पोरींच्या वह्यांवर रेघोट्या ओढल्या आणि गेला. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात खऱ्या क्रिकेटपटूचा फोटो होता. आमच्या मंडपात शाल घेताना तो परदेशात फलंदाजी करत होता.

आमच्या संस्थेचे अध्यक्ष म्हणजे वरूडकडचे मोठे संत्रा बागाईतदार. त्यांनी मला बोलावून शांतपणे आठवण करून दिली की संस्थेचं एक कॉलेज अकोल्यालाही आहे, आणि पुन्हा असं झालं तर मी तिथे असेन. अकोलेकरांनी माफ करावं, पण त्यांच्या उन्हाळ्याचं नाव आमच्या स्टाफरूममध्ये आवाज खाली करूनच घेतात. शिवाय घरी माझी आई अंथरुणाला खिळलेली. तिला हलवणं शक्य नव्हतं, तिला सोडून जाणंही शक्य नव्हतं.

यंदा कबड्डीपटू बोलवायचा ठरला. टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलेला. चढाईला निघण्याआधी मिशीला पीळ देतो तोच. आमची पोरं मिसरूड फुटायच्या आधीच त्याची नक्कल करायची. मी पत्र धाडलं, आणि महिन्याभरात त्याने स्वतः फोन केला. माझ्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हाच. ‘साहेब बिझी आहेत’ हे सांगायला मोठ्या माणसांनी कुणीतरी ठेवलेलं असतं.

बडनेरा स्टेशनवर तो एकटाच उतरला. पाठीवर सॅक, कपाळावर खाली ओढलेली टोपी आणि ओठावर काहीही नाही. मी आडून विचारलं, तर “काढली” एवढंच बोलला आणि गाडीत ड्रायव्हरशेजारी बसून त्याच्या मुलींची शाळा विचारत राहिला.

कॉलेजात अध्यक्षांनी त्याला दारातून न्याहाळलं आणि मला व्हरांड्यात ओढलं.

“सर, मिशा कुठं गेल्या याच्या?”

“काढल्या म्हणतो.”

“काहून काढल्या? ज्या मिशीनं मानूस टीव्हीवर दिसते, ते काढते का कोनी?”

प्रवासखर्चाच्या फॉर्मचं निमित्त करून मी त्याचं आधार कार्ड मागितलं. त्याने हसत दिलं. नाव बरोबर होतं, पण त्या कार्डावर आपण सगळेच फरार आरोपी दिसतो, त्यामुळे फोटोचा उपयोग शून्य. अध्यक्षांनी ते उन्हात धरून पाहिलं. “मागच्यापाशी बी कार्ड होतं,” ते म्हणाले. “तेले तं लॅमिनेशन बी होतं.”

पुढचा कार्यक्रम आम्ही दोघांनी पोलिसांच्या नजरेने पाहिला. पेढा पुढे केला, त्याने हात जोडले. गुलाल लावायला प्राचार्य बाई पुढे झाल्या, त्याने मान मागे घेतली. शाल नको म्हणाला. हार हातात घेतला आणि तीस वर्षं आमचं मैदान आखणाऱ्या काकांच्या गळ्यात घातला. काका लाजून खुर्चीवरून पडायचे राहिले. दिवा लावायची वेळ आली तेव्हा त्याने अध्यक्षांनाच पुढे केलं. माझा तर्क बघा: मागच्याने सगळं घेतलं आणि तो खोटा निघाला, हा काहीच घेत नाही, म्हणजे हा त्याहून पोचलेला.

मग पोरींनी वह्या धरल्या. हा प्रत्येकीला नाव विचारून, ते पूर्ण लिहून, खाली स्वच्छ सही करत होता. अध्यक्ष माझ्या कानाला लागले. “लय वेळ लावून राहिला. खऱ्या मानसाले इतका वेळ असते का?” मला ते पटलं. आई डोळ्यांसमोर आली, आणि तिच्यामागे अकोल्याचं ऊन.

शेवटचा उपाय म्हणून मी पोरांकरवी त्याला मैदानावर बोलावून घेतलं. आमच्या टीममधल्या सात पोरांना बजावलं होतं, पाहुणा म्हणून दयामाया नको. त्याने बूट काढले, वाकून माती कपाळाला लावली आणि चढाईला गेला. दोघांना शिवला. परत फिरताना डाव्या कोपऱ्यातल्या पोराने त्याचा घोटा धरला आणि बाकीचे वरून कोसळले. त्या ढिगाऱ्यातून एक हात निघाला आणि मध्यरेषेवर टेकला. पाठोपाठ तो स्वतः निघाला. टोपी मात्र आतच राहिली.

डोक्यावरचे केस पूर्ण उतरवलेले होते. नुकती खुंटं आलेली, मागे चिमूटभर शेंडी.

मुंडन, काढलेली मिशी, न घेतलेला हार, गुलाल, पेढा. आमच्याकडे शाळकरी पोरालाही याचा अर्थ कळतो. आम्हाला सकाळपासून कळला नव्हता. आम्ही तोतया शोधण्यात गुंतलो होतो.

काकांनी टोपी झटकून त्याच्या हातात दिली. “कोन गेलं, दादा?”

“वडील. पंधरा दिवस झाले.” मग जरा ओशाळून म्हणाला, “सरांना शब्द दिला होता. आधी सांगितलं असतं तर पोरांचा कार्यक्रम उगाच सुतकी झाला असता.”

त्याचं आधार कार्ड अजून माझ्याच खिशात होतं. ते मला तिथे चटके देत होतं. तरीही कबूल करतो, त्या शरमेच्या तळाशी, आईला आता हलवावं लागणार नाही म्हणून मी आनंदाने नाचत होतो. तेवढ्यात जे बोललं गेलं, ते ऐकून तो पाहुणा आधी चमकला, मग हसत हसत मातीतच बसला आणि टोपीने डोळे पुसत राहिला. पंधरा दिवसांत पहिल्यांदा हसलो, असं स्टेशनवर जाताना त्याने मला सांगितलं.

बोलले ते आमचे अध्यक्ष. चढाई जाहीर करायला घेतलेला बिनतारी माइक त्यांच्या हातातच राहून गेला होता, चालू होता, आणि मैदानाच्या चारी कोपऱ्यांवरच्या भोंग्यांतून ते सगळ्या कॉलेजने ऐकलं:

“अरे बाप्पा, हा तं खराच निंघाला!”